लक्षद्वीपची क्रूझ : सुट्टी आधी मोजावी, खिसा नंतर

चाकण-भोसरी पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्याने आणि सलग रजा बहुधा दिवाळीत किंवा प्लांट बंद असतानाच मिळत असल्याने, येथील कुटुंबाने लक्षद्वीपच्या क्रूझचा विचार करताना दरपत्रकाआधी कॅलेंडर पाहणे श्रेयस्कर ठरते. मुंबईहून सुटणाऱ्या खासगी जहाजाचा प्रवास घराजवळून सुरू होतो. परंतु त्यातील बहुतेक वेळ समुद्रावर जातो आणि बेटावर उतरायला जेमतेम एक दिवस मिळतो. याउलट, कोचीहून निघणाऱ्या शासकीय 'समुद्रम्' सहलीत 5 दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही 3 बेटे दिवसा पाहता येतात व मुक्काम जहाजावरच असतो. मात्र पुण्याहून कोचीपर्यंतचा जाण्यायेण्याचा रेल्वेप्रवास धरला, तर आठवडाभराची रजा लागतेच. बेटे हाच हेतू असेल, तर दुसरा पर्याय निःसंशय सरस आहे. मिनिकॉयचा 1885 सालचा दीपस्तंभ एवढे एकच कारणही त्यास पुरेसे ठरावे.

खासगी जहाजाचे भाडे सामान्यतः एका खोलीत दोन प्रवासी गृहीत धरून माणशी सांगितले जाते. 'इंटिरियर' म्हणजे खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त असते; कर, बंदरशुल्क आणि बेटावरील सहल यांचा खर्च जाहिरातीतल्या आकड्यात धरला आहे की नाही, हे मात्र विचारून घ्यावे लागते. अगत्तीसारख्या बेटाभोवतालचे खाजण, म्हणजे प्रवाळांनी वेढलेले उथळ पाणी, मोठ्या जहाजास ओलांडता येत नसल्याने प्रवाशांना डुलत्या लहान होडीत उतरावे लागते. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी ही बाब भाड्याइतकीच महत्त्वाची आहे. पावसाळा टाळावा, आणि लक्षद्वीपचा प्रवेश परवाना आवश्यक असल्याने रजा मंजूर होताच त्याची चौकशी करावी.