हट ते हट, बर्फातून : उत्तर स्वीडनच्या हिवाळी भटकंतीबद्दलचे गैरसमज

सह्याद्रीत पाय घडलेला मराठी ट्रेकर नोकरी-शिक्षणासाठी उत्तर युरोपात गेला की लवकरच त्याच्या कानावर कुंग्सलेडेनचं नाव पडतं. स्वीडनच्या उत्तर टोकाजवळच्या आबिस्कोपासून दक्षिणेला हेमावानपर्यंत जाणारी ही सुमारे ४४० किलोमीटरची डोंगरवाट. तिचा सर्वांत गाजलेला टप्पा आबिस्को ते निक्कालुओक्ता, साधारण १०५ किलोमीटरचा. आबिस्कोयाउरे, आलेसयाउरे, चेक्च्या, सेल्का, सिंगी, केबनेकायसे अशी मुक्कामाची ठिकाणं साधारण १२ ते २० किलोमीटरच्या अंतरानं लागतात. १८८५ साली स्थापन झालेली स्वीडिश पर्यटन संघटना हे हट चालवते. उन्हाळ्यात इथे पायी जाणाऱ्यांची गर्दी असते आणि उत्तरहिवाळ्यात तीच मजल स्कीवरून मारता येते. या हिवाळी भटकंतीबद्दल आपल्या मंडळींत जे बोललं जातं त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. काही गैरसमज निरुपद्रवी आहेत, पण काही जिवावर बेतू शकतात.

सगळ्यांत आधी उंचीचा. या वाटेवरचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे चेक्च्याची खिंड, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर. महाबळेश्वर याहून उंच, कळसूबाईचं शिखर तर १६४६ मीटर. हिमालयात हिवाळी ट्रेक केलेल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतात आणि तो म्हणतो, एवढ्याशा उंचीवर काय होणार? विरळ हवेचा त्रास इथे होत नाही, तेवढं त्याचं खरं. पण आबिस्को ६८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे बर्च झाडांची हद्द समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरवरच संपते. त्यापुढे आडोसा म्हणून एक झुडूपही नाही. दरी लांबलचक, सरळ, आणि वारा तिच्यातून अडथळ्याविना येतो.

फेब्रुवारी १९७८ मध्ये स्वीडनच्याच येम्टलंड भागात अनारिसच्या डोंगरात नऊ जणांचा एक गट स्कीवरून निघाला होता. हे डोंगर काही आल्प्ससारखे उत्तुंग नाहीत. वाटेत वादळानं गाठलं आणि नवांपैकी आठ जण गारठून दगावले. स्वीडनमध्ये डोंगरातल्या सुरक्षेचा विषय निघाला की आजही अनारिसचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. त्या माणसांचा जीव उंचीनं घेतला नाही, वारा आणि थंडी एकत्र आल्यानं घेतला.

म्हणूनच 'तिथे उणे किती असतं हो?' हा आपला ठरलेला प्रश्न अपुरा आहे. वारा नसेल तर उणे पंधरातही माणूस स्की करताना घामाघूम होतो. पारा उणे १० अंशांवर असताना ताशी ३६ किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला उणे २० इतकी थंडी जाणवते. आणि हा वारा तिथे वादळातही मोजत नाहीत, नेहमीच्या वाऱ्यात मोजतात. स्वीडिश हवामान अंदाजात वारा सेकंदाला किती मीटर ते सांगतात. दहाचा आकडा दिसला म्हणजे हाच ताशी ३६ किलोमीटरचा वारा. तापमानाआधी तो आकडा बघायची सवय लावून घ्यावी. त्यात जमिनीवरचं सुटं बर्फ उडायला लागलं की आकाश आणि जमीन एकच पांढरी होऊन जाते. क्षितिज दिसत नाही, चढ की उतार तेही डोळ्यांना कळत नाही, आणि समोरचा सोबती दहा पावलांवरून नाहीसा होतो.

'भरपूर कपडे घातले की झालं'

हे उलट आहे. भरपूर कपडे घालून चढ चढला की आतून घाम सुटतो, आणि थांबल्यावर तोच घाम अंगातली ऊब खेचून घेतो. निघताना थोडी थंडी वाजत असली पाहिजे, हा तिथल्या जाणत्या लोकांचा साधा नियम आहे. अंगालगत लोकर, वर वारा अडवणारं जाकीट, आणि पिसांचं जाड जाकीट सॅकमध्ये अगदी वर. थांबलात की पहिल्या मिनिटाला ते अंगावर यायला हवं, पाचव्या मिनिटाला नव्हे. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सुती कापड ओलं झालं की वाळत नाही. ब्रँडीच्या घोटानं ऊब येते, हाही असाच एक समज. दारूनं रक्त कातडीकडे धावतं, म्हणून बरं वाटतं, पण शरीराच्या आतली उष्णता त्याच वाटेनं बाहेर जाते.

'हट म्हणजे डोंगरातलं हॉटेल' किंवा 'हट म्हणजे नुसता निवारा'

दोन्ही चूक. केबनेकायसेला मोठं स्टेशन आहे, तिथे जेवणघर आहे, गरम पाण्याची अंघोळ आहे. बाकीच्या हटमध्ये वीज नाही, नळ नाही. पण गाद्या आहेत, पांघरुणं आहेत, गॅसची शेगडी आणि भांडीकुंडी आहेत, आणि हंगामात देखरेख करणारा एक यजमान असतो. काम मात्र पाहुण्यांनी करायचं.

ते काम कसं असतं ते सांगते, कारण माझ्या मते या भटकंतीचा गाभा तिथे आहे. दारातून आत शिरलं की आधी एक थंड ओसरीवजा खोली लागते. स्की, काठ्या, बर्फानं माखलेले बूट तिथेच राहतात, कारण बर्फ आत आणलं की ते वितळून जमीन ओली होते आणि मग कोणाचेच मोजे वाळत नाहीत. पुढच्या खोलीत लोखंडी शेगडी, तिच्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर हातमोजे. मग दोघांनी बादल्या घेऊन तळ्यावर जायचं. गोठलेल्या तळ्यात भोक पाडून ठेवलेलं असतं. त्यावरचं झाकण काढायचं, रात्रीतून धरलेली बर्फाची साय लोखंडी पहारीनं फोडायची, आणि ओगराळ्यानं पाणी भरायचं. वाऱ्यात ते चालत आणताना हिंदकळलेलं पाणी पँटवर जागच्या जागी गोठतं. तिसऱ्यानं तोवर बर्चची लाकडं फोडायची. खरकटं पाणी वेगळ्या बादलीत, आणि ती बादली ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची. शौचालय बाहेर, थोडं अंतर चालून. सकाळी निघताना फरशी झाडायची, आणि सरपणाची पेटी व पाण्याच्या बादल्या भरून ठेवायच्या. मागून येणारा माणूस किती थकलेला असेल हे तुम्हाला माहीत नसतं.

आबिस्कोयाउरे, आलेसयाउरे आणि सेल्का इथे लाकडावर तापणारी सौना आहे आणि छोटं दुकानही. चेक्च्या आणि सिंगीला दुकान नाही, तेव्हा शिध्याचा हिशेब तसा करावा. भाजणी, मेतकूट, झटपट खिचडी, सुकं खोबरं, शेंगदाण्याची चिक्की हे आपले पदार्थ या कामाला उत्तम. वजनाला हलके, उष्मांकाला भारी. चिक्की मात्र आतल्या खिशात ठेवावी, नाहीतर दात तुटेल इतकी कडक होते.

हट आहेत म्हणून स्लीपिंग बॅग, फावडं आणि वाऱ्यापासून आत शिरून बसायची मोठी पिशवी न नेणं हा धोकादायक शहाणपणा आहे. त्या वस्तू दोन हटांच्या मधल्या पट्ट्यासाठी असतात. पुढे जाता येत नाही असं दिसलं तर अंगात ताकद असतानाच बर्फ खणून आत बसायचं. थकून गेल्यावर फावडं चालत नाही. चेक्च्याच्या खिंडीत एक छोटा लाकडी निवारा आहे, पण तो घटकाभर विसावा घ्यायला आणि आणीबाणीसाठी. मुक्कामाचा बेत तिथे आखायचा नसतो.

हंगामाबद्दलही घोळ असतो. नाताळची सुट्टी मिळते म्हणून अनेक जण डिसेंबरची चौकशी करतात. डिसेंबरात आबिस्कोला काही आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि वाटेवरचे हट बंद असतात. बंद काळात आणीबाणीसाठी एखादी खोली उघडी ठेवलेली असते, पण यजमान नाही, दुकान नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांचा दिवस मिळतो, आणि एप्रिलमध्ये तर रात्रच आखूड होत जाते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मार्चचा उत्तरार्ध किंवा एप्रिलचा पूर्वार्ध सोडून दुसरा विचार करू नये.

'मोबाइलवर नकाशा आहे, वाट चुकणार कशी?'

बहुतेक जण उतरवून घेतात ती उन्हाळ्याची वाट. हिवाळ्याची वाट वेगळी असते. ती खांबांवरच्या लाल फुल्यांनी दाखवलेली असते, आणि अनेक ठिकाणी सरळ गोठलेल्या तळ्यांवरून जाते. उन्हाळ्याची वाट त्याच तळ्याच्या कडेनं, उतारावरून वळसे घेत असते, आणि तो उतार हिवाळ्यात नको तिथे नेऊ शकतो. तळ्याचं बर्फ जाड असतं, पण जिथे ओढा तळ्यात शिरतो किंवा तळ्यातून बाहेर पडतो तिथे वाहत्या पाण्यामुळे ते पातळ राहतं, आणि वर ताजं बर्फ साचलं की काही कळत नाही. म्हणून लाल फुली सोडायची नाही. धुकं दाटलं की एका खांबापाशी उभं राहून पुढचा खांब दिसेपर्यंत हलायचं नाही. आणि मोबाइलची बॅटरी थंडीत बघता बघता मान टाकते. कागदी नकाशा आणि होकायंत्र जुनाट नाहीत.

हिमस्खलनाबद्दल 'ते फक्त गिर्यारोहकांना' असं म्हटलं जातं. बर्फाचे थर बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात, आणि असे उतार या दऱ्यांच्या दोन्ही अंगांना आहेत. मुख्य वाट बरीचशी तळातून जाते, पण वारा टाळायला किंवा अंतर वाचवायला माणूस फुल्या सोडून आडोशाच्या बाजूला सरकतो, आणि वाऱ्यानं वाहून आणलेलं बर्फ नेमकं त्याच बाजूला साचलेलं असतं. स्वीडनचं पर्यावरण खातं हंगामात आबिस्को आणि केबनेकायसे या दोन्ही भागांचा हिमस्खलनाचा अंदाज रोज देतं. एक ते पाच अशी श्रेणी असते. निघण्याआधी तो वाचायला पाच मिनिटं लागतात.

'काही झालं तर हेलिकॉप्टर येईल' हा विश्वास अर्धाच खरा. डोंगरातल्या बचावाची जबाबदारी पोलिसांकडे आहे, बचाव पथकं तरबेज आहेत आणि त्यासाठी पैसे घेत नाहीत. पण मधल्या बहुतेक पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते, आणि ज्या हवेत तुम्ही अडकता त्याच हवेत हेलिकॉप्टरही उडू शकत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र सोबत ठेवावं. शिवाय रोज सकाळी यजमानाला सांगून निघावं, आज कुठे जाणार ते. हे यजमान वाऱ्याचा रंग ओळखतात. त्यांनी 'आज नको' म्हटलं की वाद घालू नये.

ही भूमी निर्मनुष्य नाही, हेही लक्षात असू द्या. सामी लोकांचे रेनडियर इथे पिढ्यान्‌पिढ्या चरत आले आहेत. हिवाळा सरताना माद्या गाभण असतात, अंगावर चरबी उरलेली नसते. त्यांना पळायला लावणं म्हणजे त्यांची उरलीसुरली ताकद संपवणं. कळप दिसला तर थांबा, त्यांना जाऊ द्या.

स्की येत नसेल तर काय, असं अनेक जण विचारतात. बर्फबूट घालूनही जाता येतं, फक्त वेग निम्म्यावर येतो. पण स्की रिसॉर्टवर शिकलेली स्की इथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. इथे टाच मोकळी असते, धातूच्या कडांची लांब स्की असते आणि पाठीवर किंवा मागच्या घसरगाडीवर ओझं असतं. आधीचा एक हिवाळा शहराजवळच्या सपाट वाटांवर सराव केला तर आबिस्कोला पोचल्यावर पायांकडे नव्हे, हवेकडे लक्ष देता येतं.

शेवटचा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो : हट ठरावीक अंतरावर आहेत, म्हणजे रोज एक हट पुढे सरकायचंच. आपली रजा मोजकी, परतीचं विमान ठरलेलं, आणि म्हणून वाऱ्याचा आकडा वाढलेला दिसत असूनही गट निघतो. हटचा खरा उपयोग पुढच्या हटला पोचण्यात नाही, आज आहोत तिथेच थांबता येण्यात आहे. शेगडी आहे, सरपण आहे, पाणी आहे. जागा भरलेली असली तरी आलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत, जमिनीवर गादी टाकून देतात. थांबायची ही सोय वापरायला हाताशी दिवस मात्र शिल्लक हवेत. तेव्हा बेत आखताना वादळासाठी किमान दोन दिवस मोकळे ठेवा, आणि परतीचं तिकीट त्या दोन दिवसांनंतरचं काढा.