चांदीची नाणी विकताना : वजनाचा भाव आणि नाण्याचे मोल

महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाच्या ताटात जी चांदीची नाणी मांडली जातात, ती दोन निराळ्या जातींची असतात. सराफाकडून किंवा टांकसाळीकडून विकत घेतलेली लक्ष्मी-गणपतीची मुद्रा दिसायला नाणे असली तरी ती कधीच चलन नव्हती. उलट ब्रिटिश अमदानीतील ‘राणीछाप’ किंवा राजाच्या मुखवट्याचा बंदा रुपया खरोखर बाजारात फिरलेला असतो. विक्रीच्या वेळी हा भेद निर्णायक ठरतो, कारण पहिल्या जातीचे मोल बहुधा तिच्यातील चांदीएवढेच असते, तर दुसऱ्या जातीतील काही नाण्यांना चांदीपलीकडचे मोल असते आणि नाणे मुशीत गेले की ते कायमचे नाहीसे होते.

प्रथम चांदीचा हिशेब पाहणे योग्य. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम होते आणि बारा भागांत अकरा भाग, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के, चांदी होती. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ च्या रुपयांत, चांदी ५० टक्क्यांवर आणली गेली आणि १९४७ चे रुपये तर निकेलचे असल्याने त्यांत चांदी मुळीच नाही. न झिजलेल्या वीस राणीछाप रुपयांचे वजन सुमारे २३३ ग्रॅम व त्यातील शुद्ध चांदी सुमारे २१४ ग्रॅम भरते, तर १९४३ च्या वीस रुपयांत ती जेमतेम ११७ ग्रॅम असते; म्हणून सर्व रुपये एकाच ढिगात तोलायला देणारा माणूस हिशेबाची किल्ली समोरच्याच्या हाती सोपवतो.

नाण्याचे स्वतंत्र मोल कसे निर्माण होते, हे १९११ च्या रुपयावरून कळते. पंचम जॉर्जच्या वस्त्रावर कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि त्यावरून असंतोष पसरल्याने १९१२ पासून ठसा बदलण्यात आला, तर आधीची बहुसंख्य नाणी वितळवली गेली. त्यामुळे १९११ आणि १९१२ च्या रुपयांत चांदी तेवढीच असूनही संग्राहक पहिल्याला अधिक किंमत देतात. अशी नाणी चिंच, राख किंवा पॉलिशने घासू नयेत, कारण काळाने चढलेला रंग आणि ठशाच्या बारीक रेषा हाच संग्राहकाच्या दृष्टीने अस्सलपणाचा पुरावा असतो.

चांदीच्या भावाने विकायची नाणी सराफाच्या पेढीवर मोडीत दिली जातात. तेथे टंच, म्हणजे धातूतील शुद्ध चांदीचे प्रमाण, बहुधा क्ष-किरण यंत्राने तपासतात. परंतु हे यंत्र मुख्यतः पृष्ठभाग वाचत असल्याने मुलामा दिलेले नाणे फसवू शकते आणि शंका असेल तेव्हा वितळवून किंवा कापून खात्री करतात. त्या दिवसाच्या भावाला वजन आणि टंच यांनी गुणून व घट वजा करून रक्कम ठरते. खरेदीच्या वेळी दिलेली घडणावळ आणि ३ टक्के वस्तू व सेवा कर परत मिळत नाही. टांकसाळीच्या नाण्याचे सीलबंद वेष्टन आणि बिल जपले असेल, तर शुद्धतेचा वाद टळतो. दोन-तीन पेढ्यांवर भाव, टंच आणि घट यांचे आकडे वेगवेगळे विचारून मगच नाणी द्यावीत. संग्राह्य नाण्यांसाठी मात्र नाण्यांचे व्यापारी, लिलावसंस्था आणि नाणकशास्त्राच्या मंडळांची प्रदर्शने हा मार्ग आहे; घरबसल्या लाखो रुपये देऊ करणाऱ्या आणि आधी ‘कमिशन’ मागणाऱ्या जाहिरातींबाबत रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जनतेला सावध केले होते.

कायद्याच्या काही बाबीही ध्यानात ठेवाव्या लागतात. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेला साठा तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. विक्रीतील नफा भांडवली नफा मानला जातो. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमांनुसार चोवीस महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या चांदीच्या नफ्यावर १२.५ टक्के दराने कर आकारला जातो आणि वारशाने आलेल्या नाण्यांसाठी पूर्वीच्या मालकाचा काळही जमेस धरतात. पूजेतील नाणी करमुक्त असतात, हा समज सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच, महाराजा राणा हेमंतसिंहजी यांच्या प्रकरणात, फेटाळला आहे. एका व्यवहारात दोन लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, म्हणून मोठ्या विक्रीची रक्कम बँक खात्यात घेणेच योग्य.

या साऱ्याचा अर्थ असा की विक्रीची खरी तयारी पेढीची पायरी चढण्यापूर्वी घरात होते. नाणी सालवार लावावीत, प्रत्येकाचे वजन टिपावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि वेगळे भासणारे नाणे जाणकाराला दाखवावे. चांदीचा भाव आज आहे तसा उद्या राहणार नाही आणि चुकलेला भाव पुन्हा गाठताही येईल. परंतु वितळवलेला १९११ चा रुपया कोणत्याही भावाने पुन्हा घडवता येत नाही.