चढून पाहायचं शिल्प

गेल्या आठवड्यात आपण बार्सिलोनाच्या पार्क ग्युएलमध्ये होतो. तिथे वास्तुरचनाकार गाउदीने टेकडीच्या उतारावर शिल्पासारखी बांधकामं केली. आजच्या बागेत टेकडी हेच शिल्प आहे.

शिल्पकार इसामू नोगुची. वडील जपानी कवी, आई अमेरिकन. १९३३ साली त्यांनी न्यूयॉर्कसाठी एक ‘खेळाचा डोंगर’ आखला. मुलांनी पायऱ्यांनी चढावं, उतारावरून घसरत यावं, एवढीच कल्पना. शहराच्या उद्यानांचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी ती हसण्यावारी नेली. पुढेही नोगुचींचे खेळाच्या मैदानांचे कितीतरी आराखडे कागदावरच राहिले. पण त्यांनी हा नाद सोडला नाही.

१९८८ साली जपानमधल्या सापोरो शहराने त्यांना बोलावलं आणि काही जागा दाखवल्या. त्यांना भावली मोएरेनुमा: तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली, पण शहराचा कचरा जिथे रोज ओतला जात होता ती. ही सगळी जमीन मिळून एकच शिल्प करायचं, असं त्यांनी ठरवलं. नोव्हेंबरमध्ये आराखडा दिला आणि ३० डिसेंबरला ते गेले. वय ८४. सहकारी शोजी सादाओ यांच्या देखरेखीखाली काम चालू राहिलं आणि २००५ साली सुमारे १८९ हेक्टरांची ही बाग पूर्ण झाली.

न्यूयॉर्कने नाकारलेला तो डोंगर इथे उभा आहे, ३० मीटर उंच. एका अंगाला दगडी पायऱ्या, दुसऱ्या अंगाला सावकाश चढत जाणारी वाट. त्याहून उंच, समुद्रसपाटीपासून ६२ मीटरांचा मोएरे डोंगर तर कचरा आणि बांधकामांतून उरलेली माती रचूनच केला आहे. हिवाळ्यात त्यावर बर्फातल्या घसरगाड्या धावतात. बागेतला बर्फ साठवून ठेवतात आणि उन्हाळ्यात काचेच्या पिरॅमिडमधली हवा त्यावर गार करतात. मला वाटतं, नोगुचींचं मोठेपण इथे दिसतं. या बागेत लांबून न्याहाळण्यासारखं फार थोडं आहे. ती कळते पायांना, दम लागल्यावर.

सापोरोच्याच ओदोरी उद्यानात त्यांची काळ्या ग्रॅनाइटची घसरगुंडी आहे. मुलं दगडाच्या पोटातल्या जिन्याने वर जातात आणि बाहेरच्या वळणदार पन्हाळीतून सुर्रकन खाली येतात. या घुमावदार आकाराचं मूळ आपल्याकडे आहे. १९४९ साली भारतात आले असताना नोगुचींनी जयपूर-दिल्लीच्या जंतरमंतरांची छायाचित्रं काढली होती. आकाशाकडे चढत जाणारे ते जिने त्यांच्या मनात घर करून राहिले. घसरगुंडीला त्यांनी नाव दिलं ‘ब्लॅक स्लाइड मंत्र’.

आपल्याकडे शहराबाहेर कचऱ्याचे डोंगर उभे आहेत. ते बंद करायचे म्हटलं की चर्चा होते ती अभियंता आणि ठेकेदार यांच्यापुरती. त्या बैठकीत पहिल्या दिवसापासून एखादा शिल्पकार बसवावा, एवढी महापालिकांना कळकळीची विनंती.

पुढच्या आठवड्यात: चंडीगढचं रॉक गार्डन.