तेरा विजयांनंतरचे एकशे एकोणपन्नास सामने

19 एप्रिल 1987, ईस्टरचा रविवार. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात ब्रूअर्स हा तिथला बेसबॉल संघ टेक्सास रेंजर्सविरुद्ध शेवटच्या डावात 1-4 असा मागे पडला होता. त्याआधीचे 11 सामने त्याने ओळीने जिंकले होते. रॉब डीअरने एका फटक्यात तीन धावा मिळवून बरोबरी साधली. मग डेल स्वेमने दोन धावांचा फटका मारला आणि सामना 6-4 असा संपला. शहरात जॉर्ज वेब नावाची उपाहारगृहांची एक साखळी आहे. ब्रूअर्सनी ओळीने 12 सामने जिंकले तर गिऱ्हाइकांना हॅम्बर्गर फुकट, असे तिचे आश्वासन होते. ते पाळताना तिला 1,68,194 हॅम्बर्गर वाटावे लागले. दुसऱ्याच दिवशी संघाने तेरावा सामनाही जिंकला. आदल्या वर्षी 77 सामने जिंकून 84 हरलेला हा संघ. त्यामुळे शहर वेडावून गेले, यात नवल नव्हते.

पुढच्याच महिन्यात हाच संघ ओळीने 12 सामने हरला.

अनपेक्षितपणे धडाक्यात सुरुवात करणारा संघ पुढेही तसाच खेळेल का? हा प्रश्न अमेरिकेत दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत विचारला जातो. तो केवळ शौकिनांच्या गप्पांचा विषय नाही. त्याच्या उत्तरावर संघाचे पुढच्या दहा वर्षांचे भवितव्य अवलंबून असू शकते. आणि थोड्या पुराव्यावरून किती निष्कर्ष काढावा, हा मोठा प्रश्नही त्यात दडलेला आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. बेसबॉलचा हंगाम फार लांब असतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळात प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. या खेळात सर्वोत्तम संघही शंभरातले चाळीसेक सामने हरतात आणि अगदी कमकुवत संघही पस्तीस-चाळीस जिंकतात. एका सामन्याच्या निकालात कुवतीइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, योगायोगाचा वाटा असतो. पहिले 13 सामने म्हणजे हंगामाचा जेमतेम आठ टक्के भाग.

1900 नंतरच्या काळात हंगामाचे पहिले 13 सामने ओळीने जिंकणारे संघ तीनच: 1982 चा अटलांटा ब्रेव्हज, 1987 चा मिलवॉकी ब्रूअर्स आणि 2023 चा टॅम्पा बे रेज. चौदावा सामना तिघांनीही गमावला. ब्रेव्हजनी हंगाम 89-73 असा संपवून आपला गट जिंकला, पण पुढच्या फेरीत सेंट लुईस कार्डिनल्सनी त्यांना तिन्ही सामन्यांत हरवले. ब्रूअर्स 91-71 वर थांबले आणि गटात तिसरे आले. रेज 99-63 पर्यंत गेले, तरी 101 विजय मिळवणाऱ्या बाल्टिमोर ओरिओल्सच्या मागे राहिले आणि बाद फेरीत दोन सामन्यांतच संपले.

यातले पहिले 13 सामने बाजूला काढून उरलेले 149 पाहू. ब्रेव्हज 76-73, ब्रूअर्स 78-71, रेज 86-63. तिघांची बेरीज 240 विजय आणि 207 पराभव. सुरुवातीच्या 39 सामन्यांत एकही पराभव न पाहिलेले हे संघ नंतर शंभरात सुमारे 54 सामने जिंकत होते. म्हणजे बऱ्यापैकी चांगले, पण अजिंक्य नव्हेत.

मग ते 13 विजय आले कुठून? साधा हिशेब करू. शंभरातले 50 सामने जिंकण्याच्या कुवतीचा संघ पहिले 13 ओळीने जिंकण्याची शक्यता 8,192 मध्ये एक. कुवत 55 ची असेल तर सुमारे 2,400 मध्ये एक आणि 60 ची असेल तर साधारण 770 मध्ये एक. आता संघ आणि वर्षे यांचा गुणाकार करा. 1901 पासून 2023 पर्यंत आधी 16, नंतर वाढत वाढत 30 संघ, असे मिळून 2,600 हून अधिक हंगाम खेळले गेले. इतक्या हंगामांत असा विक्रम दोन-तीनदा घडणे हे अपेक्षेला धरूनच आहे. त्यासाठी चमत्काराची गरज नाही. चमत्कार वाटतो, कारण आपण त्या एका संघाकडेच पाहत असतो. बाकीचे हजारो हंगाम आपल्या डोळ्यांसमोर नसतात.

इथे एक गैरसमज हमखास होतो. सुरुवातीला दैवाने भरभरून दिले, तर नंतर ते वसूल करणार, असे लोकांना वाटते. सरासरीकडे परतणे म्हणजे परतफेड नव्हे. नाणे दहा वेळा छापा पडले म्हणून पुढे काटा जास्त वेळा पडत नाही. पुढे ते फक्त नेहमीसारखे पडते. ब्रूअर्सच्या मे महिन्यातल्या 12 पराभवांना लोक एप्रिलची शिक्षा समजले. पण उरलेल्या 149 सामन्यांत हा संघ आदल्या वर्षीपेक्षा सरसच खेळला.

1982 मध्ये अटलांटात याहून गमतीदार प्रकार घडला. संघाच्या शुभंकराचा एक तंबू प्रेक्षकांच्या सज्जात असे. संघ आघाडीवर होता, तिकिटांना मागणी होती, म्हणून जुलैअखेर तो तंबू काढून तिथे खुर्च्या मांडल्या. त्यानंतर संघ 21 पैकी 19 सामने हरला. तंबू पुन्हा उभा राहिला! तेरा विजयांचे कारण शोधताना जी चूक होते, तीच पराभवांचे कारण शोधताना झाली. योगायोगाला कारण चिकटवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

मग एप्रिलमध्ये काहीच सांगता येत नाही का? येते, पण विजयांची संख्या सोडून इतरत्र पाहावे लागते. बिल जेम्स हा कॅन्सस राज्यातला माणूस एका अन्नप्रक्रिया कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. बेसबॉलच्या आकड्यांवरची आपली पहिली पुस्तिका त्याने 1977 मध्ये स्वखर्चाने काढली. त्याने दाखवलेला एक नियम सोपा आहे. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. जे येईल ते साधारण विजयाचे प्रमाण. प्रत्यक्ष विजय यापेक्षा बरेच जास्त असतील, तर निसटत्या सामन्यांत नशिबाने साथ दिली असे समजावे. 1987 च्या मिनेसोटा ट्विन्सनी 786 धावा केल्या आणि 806 दिल्या. नियमाप्रमाणे त्यांचे 79 विजय व्हायला हवे होते. झाले 85, आणि अखेर विजेतेपदही त्यांनीच पटकावले. पूर्ण हंगामानंतरही योगायोग पुरता धुऊन जात नाही, तो असा.

दुसरी गोष्ट पूर्वेतिहासाची. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी 1970 च्या हंगामातील 18 फलंदाजांच्या पहिल्या 45 खेळी घेतल्या आणि त्यांवरून उरलेल्या हंगामाचा अंदाज बांधला. रॉबर्टो क्लेमेन्टे तेव्हा 40 टक्के यशावर होता, थर्मन मन्सन 17.8 वर. प्रत्येकाचा आकडा अठरा जणांच्या 26.5 टक्के या सरासरीकडे बराचसा ओढून घेतला, तेव्हा एकूण चूक कच्च्या आकड्यांच्या तुलनेत तिपटीहून कमी झाली. मन्सन उरलेल्या हंगामात 31.6 टक्क्यांवर खेळला. मात्र क्लेमेन्टेच्या बाबतीत ही रीत फसली. तिने त्याला 29 टक्के दिले आणि तो 34.6 वर खेळला. कारण त्याने आधीच्या दशकात चार वेळा फलंदाजीचे अव्वल स्थान मिळवले होते, हे त्या गणिताला माहीत नव्हते.

तेरा विजयांच्या तीन संघांनाही हेच लागू पडते. ब्रेव्हज आणि ब्रूअर्स आदल्या हंगामात जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले होते, आणि नंतर ते मध्यम ठरले. रेज त्याआधीची चार वर्षे सलग बाद फेरीत पोहोचलेला संघ. शिवाय पहिल्या 13 सामन्यांत त्यांनी 101 धावा केल्या आणि फक्त 30 दिल्या. प्रतिस्पर्ध्यांत त्या वर्षी 112 सामने हरलेला ओकलंडचा संघ होता, हे खरे. तरीही तिघांत नंतर सर्वांत चांगले तेच खेळले, आणि तेही स्प्रिंग्ज, रासमुसेन व मॅक्लॅनहन हे तीन पिचर दुखापतींमुळे गमावून. तिघांच्याही कोपरांवर शस्त्रक्रिया करावी लागली. संघाची कुवत हीसुद्धा स्थिर वस्तू नसते. ती माणसांच्या हाडा-स्नायूंवर उभी असते.

तिसरी गोष्ट पुराव्याच्या लांबीची. 1984 मध्ये डेट्रॉईट टायगर्सनी पहिल्या 40 पैकी 35 सामने जिंकले. उरलेल्या 122 मध्ये ते 69-53 खेळले आणि विजेते ठरले. चाळीस सामने म्हणजे हंगामाचा पाव हिस्सा. तेवढी शिदोरी हाताशी असली की पुढे साधारण चांगले खेळूनही भागते.

या अंदाजाची किंमत मोठी असते. हंगामाच्या मध्यावर, विजेतेपदाच्या आशेने होतकरू तरुण देऊन अनुभवी खेळाडू आणायचा की नाही, हे संघाला ठरवावे लागते. 1987 मध्ये ब्रूअर्सच्याच गटातला डेट्रॉईट 11-19 अशा वाईट सुरुवातीनंतर सावरला होता. ऑगस्टमध्ये त्याने 20 वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला देऊन डॉयल अलेक्झांडर हा मुरलेला पिचर घेतला. अलेक्झांडरने नऊ सामने जिंकले, एकही गमावला नाही, आणि डेट्रॉईट 98 विजयांसह गटात पहिला आला. पण पुढच्या फेरीत त्याला हरवले ते ट्विन्सनी, धावांच्या हिशेबात तोट्यात असलेल्या त्याच संघाने. स्मोल्ट्झ मात्र दोन दशके खेळला आणि 2015 मध्ये बेसबॉलच्या मानाच्या दालनात दाखल झाला. डेट्रॉईटचा निर्णय चुकला का? त्या ऑगस्टपुरता नाही. नंतरच्या वर्षांसाठी मात्र तो फार महाग पडला.

म्हणून धडाक्याच्या सुरुवातीला ‘टिकेल का?’ असे विचारण्याऐवजी, हा संघ त्याआधी कसा होता, धावांचा हिशेब काय सांगतो आणि किती सामने झालेत, हे विचारणे बरे. वेग बहुधा टिकत नाही. पण कमावलेले विजयही कोणी परत घेत नाही. 1982 मध्ये ब्रेव्हजनी गट जिंकला तो लॉस एंजेलिस डॉजर्सच्या फक्त एका विजयाने पुढे राहून. पहिल्या 13 सामन्यांतही ते नंतरच्यासारखेच खेळले असते, तर त्यांचे विजय 83 च्या पुढे गेले नसते. एप्रिलमधल्या त्या दोन आठवड्यांची शिदोरी त्यांना ऑक्टोबरपर्यंत पुरली.