गळ टाकताना बोट केव्हा सोडावे?

खाडीच्या धक्क्यावर मासे गरवणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. काठी झपकन फिरते आणि तंगुसाला बांधलेले रंगीत बूच पंधरा-वीस मीटरांवर अलगद पाण्यात उतरते. एकदा मलाही हुरूप आला. प्रक्षेप्याची गती इतकी वर्षे वर्गात शिकवली, मग हे काय अवघड! काठी मागे नेली, जोराने पुढे आणली, आणि बूच माझ्याच पायाशी आपटले. जोर वाढवला, तर ते अधिकच जोराने आपटले. शेजारी माझा एक विद्यार्थी होता, खाडीकाठीच वाढलेला. तो संकोचत म्हणाला, "सर, तुम्ही बघून सोडताय. म्हणून उशीर होतो."

त्याचे म्हणणे कसे खरे होते ते पाहू.

प्रथम हातांचे काम समजून घ्या. काठीच्या मुठीजवळ तंगुसाचे रीळ असते. त्यावरची तारेची कडी उघडली की तंगूस मोकळा होतो. म्हणून आधी तो तर्जनीने काठीशी दाबून धरायचा, मग कडी उघडायची. बूच काठीच्या टोकापासून अर्धा-पाऊण मीटर लोंबते ठेवायचे. एक हात रिळापाशी, दुसरा बुडख्याशी. काठी खांद्यावरून मागे न्यायची. मग वरच्या हाताने पुढे ढकलायचे आणि त्याच वेळी खालच्या हाताने बुडखा छातीकडे ओढायचा. काठी ही येथे तरफ आहे. हात थोडेसेच हलतात, पण टोक लांबवर फिरते. हिसका देऊ नये. वेग हळूहळू वाढवला की काठी लवते, आणि लवलेल्या काठीत साठलेली ऊर्जा शेवटी बुचाला मिळते.

आता बोट केव्हा सोडायचे? दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवून सोडला, तर तो स्पर्शिकेच्या दिशेने जातो. बुचाचेही तसेच. सोडण्याच्या क्षणी त्याची जी दिशा, त्याच दिशेने ते निघते.

समजा, हात आणि काठी मिळून त्रिज्या २.७ मीटर आहे आणि बूच पाव वर्तुळ ०.३ सेकंदात फिरते. पाव वर्तुळाची लांबी सुमारे ४.२ मीटर, म्हणून वेग सेकंदाला १४ मीटर. हवेचा विरोध आणि धक्क्याची उंची सोडून दिली, तर या वेगाने ४५ अंशांत सुटलेले बूच २० मीटर जाईल. ३० अंशांत सुटले, तर १७ मीटरांहून थोडे अधिक. १५ अंशांत सुटले, तर फक्त १० मीटर!

पण ०.३ सेकंदात ९० अंश, म्हणजे ०.१ सेकंदात ३० अंश. बोट सोडायला ०.१ सेकंद उशीर झाला की ४५ चे १५ अंश होतात आणि पल्ला निम्म्यावर येतो. तेवढीच घाई झाली, तर बूच ७५ अंशांत उंच उडते आणि तेही १० मीटरांवरच पडते.

मग डोळ्यांनी पाहून बोट सोडले तर? डोळ्यांना दिसल्यावर हात हलायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात बूच ६० अंश पुढे गेलेले असते. ४५ मधून ६० वजा करा. दिशा आडव्या रेषेच्याही १५ अंश खाली, म्हणजे थेट पाण्याकडे! माझे बूच पायाशी का आपटत होते, हे आता कळले ना?

आणखी एक गोष्ट. काठी मागे लवलेली असते आणि बूच तिच्याही मागे असते. त्यामुळे हात समोर आले तरी बूच अजून चढतच असते. म्हणूनही केवळ हाताकडे पाहून क्षण साधत नाही. तो सरावाने, तालानेच साधतो.

बूच पाण्यापाशी पोहोचत आले की सुटणाऱ्या तंगुसाला बोटाचा हलका स्पर्श करायचा. बूच मंदावते, पण खालची गरी आणि शिशाच्या गोळ्या जडत्वामुळे पुढे जातात. दोर सरळ पसरतो, गुंता होत नाही.

करून पाहा : मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमची बोटे उघडी ठेवा. तो न सांगता पट्टी सोडील, ती पकडा. सुमारे २० सेंटिमीटरांवर पकडलीत, तर तुमचा वेळ ०.२ सेकंद. नंतर मोकळ्या मैदानावर गरीऐवजी खोडरबर बांधून गळ टाकण्याचा सराव करा. मागे कोणी नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहा. विजेच्या तारांजवळ काठी मुळीच उचलू नका. कार्बन तंतूंच्या काठीतून वीज वाहते, आणि ओल्या बांबूचाही भरवसा नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा धक्क्यावर गेलो. मनात "एक-दोन-सोड" असे म्हणत होतो. अकराव्या खेपेस बूच दूरवर टपकन उतरले. मासा मिळाला नाही. माझा विद्यार्थी मात्र हसून म्हणाला, "आता जमलं, सर!"