दगड फिरला, गाणं सुरू!

दोस्तांनो, एक कोडं घालू? बटण नाही, तार नाही, सेल नाही. तरी फिरायला लागलं की गाणं सुरू! शिवाय सोबत पीठही पडतं. ओळखा पाहू!

बरोब्बर! जातं!

नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत पूर्वी कोंबड्याच्याही आधी जाती जागी व्हायची. घरर्र... घरर्र! आणि त्या घरघरीवर आजी-पणजीची ओवी. भाकरी हवी तर ज्वारी दळा, आणि दळायचं तर गा!

जातं कशाचं असतं? काळ्या दगडाचं. आणि हा दगड एके काळी चक्क पातळ होता! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला लाव्हा उतू आला. तव्यावर धिरडं पसरावं तसा पसरला आणि गार होऊन दगड झाला. त्यावर दुसरं धिरडं, मग तिसरं!

ही चळत किती जाड? १९९३च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला जमिनीत खोल भोक पाडलं. काळा दगड संपला तो ३३८ मीटरवर! चार कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी त्यात बुडतील!

असा दगड खाणीतून काढायचा, गोल घडवायचा आणि टाकीचे घाव घालून खरखरीत करायचा. खरखरीत कशाला? गुळगुळीत काचेवर खडू घासून बघा. घसरतो! फळ्यावर घासा. भुरभुर भुकटी पडते! धान्याचंही तसंच.

आता जातं फिरवायचा खुंटा बघा. तो मधोमध नाही, कडेला! दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं, कडीजवळ ढकललं तर हलकं. तीच युक्ती!

पण दोन बायका समोरासमोर बसून एकच खुंटा फिरवतात. दोघींनी एकदम आपल्याकडे ओढलं तर? रस्सीखेच! म्हणून ताल हवा. कवायतीत सर 'एक-दोन, एक-दोन' म्हणतात ना? जात्यावर ते काम ओवी करते. तिच्यात भाऊ येतो, माहेर येतं, पाऊस येतो, पंढरीचा विठोबाही येतो! गोदावरी नांदेडला येण्याआधी गंगाखेडला भेटते. तिथल्या संत जनाबाईंना तर विठोबाच दळू लागायचा, अशी गोष्ट सांगतात.

आणि या ओव्या कोणत्या वहीत लिहिलेल्या होत्या? कोणत्याच नाही! म्हणच आहे, 'जात्यावर बसलं की ओवी सुचते.' तुम्हाला मधूनच 'नऊ साते?' विचारलं की अडतं ना? पण 'नऊ एके नऊ'पासून डोलत म्हटलं की आपोआप येतं. तसा हात फिरला की ओवी ओठांवर!

मग पिठाची गिरणी आली. आजीचे दुखरे हात सुटले, पण जात्याबरोबर ओवीही गप्प झाली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सोबत्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या. किती असतील? शंभर? हजार? अहो, एक लाखाहून जास्त!

तुमच्या आजीकडेही एखादी असेल. पण नुसतं 'आजी, ओवी म्हण' म्हणू नका हं! माळ्यावरचं, नाहीतर अंगणातलं जातं पुसा. मूठभर हरभरे घाला. आजीचा हात खुंट्यावर ठेवा, शेजारी तुमचा ठेवा, आणि फिरवा!