नदीचं गाणं, खालची तार

नर्मदेच्या नितळ, खळाळत्या पाण्याचं गुणगान करणारं एक लोकगीत दिल्लीच्या रॉक बँडनं देशभर पोचवलं. गाणं 'मा रेवा', बँड 'इंडियन ओशन'. खोऱ्यातून ते बँडपर्यंत आणलं राहुल राम यांनी. आयआयटी कानपूरला शिकलेले, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले राहुल राम १९९०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत नर्मदा बचाओ आंदोलनात कार्यकर्ते होते. १९९१पासून ते बँडमध्ये बेस गिटार वाजवतात आणि वाजवता वाजवताच गातात. 'मा रेवा' २०००च्या 'कंदिसा' या अल्बममध्ये आलं.

ही नदी आपल्याला परकी नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला ती महाराष्ट्राची सीमा आहे, आणि सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात बुडालेलं आपल्या राज्यातलं पहिलं गाव मणिबेली. म्हणून मला हे गाणं नुसतं सुरेल वाटत नाही. ज्यांच्या दारात पाणी चढलं त्यांचं ते गाणं आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडसारख्या गावात 'बेस' म्हटलं की मिरवणुकीतल्या डीजेचा दणका आठवतो. बेस गिटारचं काम मात्र फार नाजूक. तिच्या चार तारा साध्या गिटारच्या वरच्या जाड तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सगळ्यांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झ. मोबाईलच्या स्पीकरमधून तो धड निघतच नाही, तेव्हा हेडफोन लावूनच ऐका. 'इंडियन ओशन'मध्ये असीम चक्रवर्तींचा तबला आणि अमित किलम यांचे ड्रम्स एकत्र वाजत. तबल्याची लय आणि रॉकचा ठोका यांच्यामध्ये उभं राहून दोघांना एका समेवर आणायचं, ते बेसनं. २००९ साली असीमदा गेले, तरी बँड थांबला नाही.

लोकगीत आणि रॉक जोडण्याची हीच किमया युरोपात मॅसेडोनियातही झाली. १९७६ साली स्कोप्ये शहरात 'लेब इ सोल' हा बँड उभा राहिला. व्लात्को स्तेफानोव्स्की गिटारवर, बोदान आर्सोव्स्की बेसवर. जॅझ, रॉक आणि गावाकडची नाचाची गाणी त्यांनी एकत्र गुंफली. तिकडचा 'लेस्नोतो' हा नाच सात मात्रांचा, तीन-दोन-दोन असा. वार्दार नदीकाठी कापड शुभ्र करत बसलेल्या मुलीला साद घालणारं 'योवानो, योवानके' हे तिथलं प्रसिद्ध लोकगीत याच सातात आहे.

सात मात्रा, तीन-दोन-दोन: हा तर आपला रूपक ताल! पण इथंच गंमत आहे. रूपकात सम 'खाली'वर, म्हणजे बिनटाळीच्या जागी येते. 'ती ती ना' म्हणताना डग्ग्याचा घुमार नसतो, वजन चौथ्या मात्रेच्या 'धी'वर पडतं. लेस्नोतोत मात्र नाचणाऱ्याचं पहिलं पाऊलच लांब आणि ठाम. आकडे तेच, पण बेसवाल्यानं खालचा स्वर पहिल्या मात्रेवर ठेवला की पाय मॅसेडोनियाकडे वळतात; चौथीवर ठेवला की कान तबल्याकडे. लोकसंगीताचं 'फ्यूजन' करणारे पुष्कळ जण वरवर बासरी पेरतात आणि खाली साधा चार मात्रांचा ठोका सुरू ठेवतात. मला ते पटत नाही. गाण्याची चाल टिकते, चालणं जातं.

आपल्या वाशीम जिल्ह्यात तर लोकगीतांचा खजिना पडला आहे. पोहरादेवीला देशभरातला बंजारा समाज येतो. होळीला तांड्यांवर, म्हणजे बंजारा वस्त्यांवर, डफाच्या साथीनं लेंगी ही होळीची गाणी गायली जातात. लेंगीला बेसची साथ द्यायची झाली तर आधी होळीच्या रात्री तांड्यावर बसावं लागेल. म्हणणारे दम कुठं घेतात, डफाची थाप कुठं जड पडते, बायका कुठल्या ओळीला सूर चढवतात, हे अंगात भिनू द्यावं लागेल. 'मा रेवा'च्या मागंही खोऱ्यात काढलेली वर्षं आहेत. आपल्या पोरांपैकी कुणी ही चार तारांची गिटार हाती घेतली, तर पहिली तालीम तांड्यावरच व्हावी.